मूल कुणाकडे, घर कुणाचं

म्हैसूरच्या कृष्णराज बुलेवार्डवर दोन जुन्या संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एक प्राच्यविद्या संशोधन संस्था, दुसरं जिल्हा न्यायालय. पहिलीला पूर्वी सरकारी प्राच्य ग्रंथालय म्हणत. तंजावरकडच्या एका पंडितानं १९०५ साली तिथे ताडपत्रांची एक चळत आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री ती वाचायला बसले आणि शतकानुशतकं फक्त नावानं माहीत असलेला ग्रंथ त्यांच्या हाती लागला: कौटिल्याचं अर्थशास्त्र. १९०९ मध्ये त्यांनी मूळ संहिता छापली आणि १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर.

अर्थशास्त्र म्हटलं की आपल्याला हेर, किल्ले आणि विषकन्या आठवतात. पण त्याचं तिसरं अधिकरण दिवाणी व्यवहारांचं आहे आणि त्यात विवाहाचा विषय अगदी सुरुवातीलाच येतो. बायकोच्या निर्वाहासाठी बाजूला ठेवायच्या रकमेला दोन हजार पणांची मर्यादा आहे, दागिन्यांना मर्यादा नाही. नवरा-बायको दोघांनाही एकमेकांचा तिटकारा आला असेल तर सुटका मिळते. एकालाच आला असेल आणि दुसरा राजी नसेल, तर मिळत नाही. बायकोच्या त्रासाला कंटाळून नवरा सुटू पाहत असेल, तर तिच्याकडून आलेलं सगळं त्यानं परत करायचं. नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून बायको सुटू पाहत असेल, तर मात्र तिला ते परत मिळायचं नाही. शिवाय ब्राह्म वगैरे चार ‘धर्म्य’ विवाहांना ही सुटका लागूच नाही. म्हणजे सुटायचं असेल तर किंमत मोजायची, आणि कोण किती मोजणार हे आधी कोण कंटाळलं त्यावर ठरायचं. विभक्त झाल्यावर मूल कुणाकडे राहील, हा प्रश्न या भागात उभाच राहत नाही.

जवळच्या न्यायालयांत आता हा प्रश्न सगळ्यात आधी उभा राहतो. आजच्या म्हैसूरमधलं जोडपं वेगळं व्हायला निघालं की त्याची प्रकरणं दोन रुळांवर धावायला लागतात. मुलाचा ताबा, भेटी आणि सुट्ट्या एका रुळावर. घर, दागिने, बँकेतल्या ठेवी आणि पोटगी दुसऱ्यावर. कायदे वेगळे, अर्ज वेगळे, कधी कधी न्यायालयंही वेगळी. इथे मला सांगायचं आहे ते एवढंच, की ही फारकत कागदावरचीच आहे. राहतं घर ज्याच्या हाती राहिलं, त्याचं पारडं मुलाच्या बाबतीतही जड होतं. गेल्या पन्नासेक वर्षांत मुलाच्या बाबतीत आपली न्यायालयं बरीच पुढे आली. लग्नानंतर दोघांनी मिळून उभ्या केलेल्या मालमत्तेबद्दल मात्र आपला कायदा जवळजवळ मुका आहे, आणि त्याच्या मुकेपणाचा भार मुलांवर पडतो.

आधी मालमत्तेकडे बघू, कारण या बाबतीत म्हैसूरनं एकदा साऱ्या देशाच्या आधी पाऊल टाकलं होतं.

म्हैसूर संस्थानानं १८९४ मध्येच बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला होता. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, मिर्झा इस्माईल दिवाण असताना, निवृत्त मुख्य न्यायाधीश के. एस. चंद्रशेखर अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. हिंदू कायद्यात स्त्रियांचं स्थान काय आणि ते काय असावं, याचा विचार तिनं करायचा होता. त्यातून १९३३ चा हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा आला. एकत्र कुटुंबाची वाटणी होताना आई, विधवा आणि अविवाहित मुली-बहिणी यांना या कायद्यानं हिस्सा दिला. हिस्सा पुरुषांच्या बरोबरीचा नव्हता, पण मागून मिळणारा आधार आणि हक्कानं मिळणारा वाटा यांतला फरक मोठा असतो. दागिने, नवऱ्यानं दिलेल्या भेटी आणि तिनं स्वतःच्या कामातून मिळवलेलं धन हे तिचं, तिच्या पूर्ण मालकीचं, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ब्रिटिश हिंदुस्थानात विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हक्क देणारा कायदा चार वर्षांनी, १९३७ मध्ये आला. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी तो केंद्रीय कायदेमंडळात मांडला, म्हणून त्याला देशमुख कायदा म्हणतात. हिंदूंना घटस्फोट देण्यात बडोदा म्हैसूरच्या पुढे होतं. सयाजीरावांनी तो १९३१ मध्येच दिला. मुंबई प्रांताला त्यासाठी १९४७ पर्यंत थांबावं लागलं. संस्थानिकांबद्दल आपण चेष्टेनंच बोलतो, पण या यादीत ते इंग्रज सरकारच्या पुढे उभे आहेत.

म्हैसूरच्या त्या कायद्यातला एक तपशील मात्र नजरेतून सुटू देऊ नये. हिस्सा मुलीला, पण अविवाहित मुलीला. लग्न झालं की ती दुसऱ्या घरची, तिची सोय तिकडे होईल, असा हिशेब. ती सोय मोडली तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. साठ वर्षांनी कर्नाटकानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला. तो कायदा ३० जुलै १९९४ रोजी अमलात आला. महाराष्ट्राचा तसाच कायदा त्याच वर्षी जूनमध्ये आला होता. दोन्ही कायद्यांत तोच अडसर पुन्हा होता: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही. माहेरच्या मालमत्तेची गरज सगळ्यात जास्त कुणाला पडते? लग्न मोडून परत आलेल्या बाईला. आणि नेमकी तीच दोन्ही वेळा दाराबाहेर राहिली.

हा अडसर ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं काढला, तरी वाद संपला नाही. मुलीनं बेळगावच्या दिवाणी न्यायालयात १९९२ मध्ये दाखल केलेला वाटणीचा एक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये निकाल लागला, की २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असतील तरच मुलीला हक्क. म्हणजे वडील ऑगस्टमध्ये गेले की काही नाही, ऑक्टोबरमध्ये गेले की बरोबरीचा वाटा. हे अजब गणित ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं मोडीत काढलं. हक्क जन्मानं मिळतो, बापाच्या मृत्यूच्या तारखेनं नाही. आज म्हैसूरच्या किंवा सांगलीच्या न्यायालयात वेगळी होणारी बाई आपल्या बळाचा हिशेब मांडते, तेव्हा त्यात सासरच्या घराच्या आधी बऱ्याचदा माहेरचा हा हिस्सा असतो.

स्वतःच्या नावावर काही असणं म्हणजे काय, हे रखमाबाईंच्या खटल्यात दिसतं. रखमाबाईंच्या आईनं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाई नांदायला गेल्या नाहीत, तेव्हा नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्या. पिन्ही यांनी त्याचा दावा फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि प्रकरण मिटलं. बायकोनं नवऱ्याला पैसे देऊन सुटका करून घेतली! पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या. धैर्य त्यांचंच होतं, पण त्या धैर्याखाली आईनं नावे केलेली मालमत्ता होती, हे आपण सांगताना विसरतो.

आता मुलांकडे वळू.

सगळ्या धर्मांच्या मुलांना लागू होणारा मूळ कायदा १८९० चा, पालक आणि पाल्य अधिनियम. हिंदूंसाठी त्याला १९५६ च्या कायद्याची जोड मिळाली. त्यानुसार नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि त्यांच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सामान्यतः आईकडे राहील. या सगळ्यावर एक तत्त्व बसवलेलं आहे: मुलाचं हित सर्वांत मोठं. त्यामुळे निकाल कुठल्या बाजूला लागणार, हे कलम वाचून कळत नाही. न्यायाधीश मुलाशी बोलतात, ते समजण्याच्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारतात, शाळा आणि आजी-आजोबा बघतात, आणि कोण घरी असतो व कोण कामानिमित्त फिरतो हेही बघतात.

वडिलांचं हे अग्रस्थान पहिल्यांदा हललं ते एका शेताच्या वादात. विदर्भातल्या एका कुटुंबात आई-वडील वीसेक वर्षं वेगळे राहत होते. मुलगी आईजवळ होती आणि मुलीच्या नावावरची जमीन आईच सांभाळत होती, तिनंच ती कुळाला कसायला दिली. वडील हयात असताना आईला तो अधिकार होता का, असा प्रश्न निघाला. सर्वोच्च न्यायालयानं १९७० मध्ये सांगितलं, की वडिलांनी मुलीच्या बाबतीत काडीचाही रस घेतलेला नाही, तेव्हा आईच नैसर्गिक पालक. मुलगी कुणाची हा प्रश्न तिथे जमीन कुणाची या प्रश्नाच्या पाठीवर बसून आला होता. पुढे लेखिका गीता हरिहरन यांच्या बाबतीतही तेच झालं. त्यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले आणि बँकेनं वडिलांची सही मागितली. तो वाद १७ फेब्रुवारी १९९९ रोजी संपला: वडील हयात असले तरी मुलाच्या जबाबदारीपासून दूर असतील तर आई पालक म्हणून वागू शकते. मुलाच्या हक्काचे हे दोन्ही मोठे निकाल पैशाच्या कागदावरून लागले आहेत, हा योगायोग मला वाटत नाही.

गोव्यातल्या एका दोन वर्षांखालच्या बाळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट पक्की केली. पाच वर्षांखालचं मूल आईकडेच. ती अयोग्य आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं ते सिद्ध करायचं. आईनं आपली लायकी सिद्ध करत बसायचं नाही.

कर्नाटकातला सगळ्यात वेगळा निकाल २०१३ चा. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं एका मुलाचं वर्ष सरळ दोन भागांत वाटलं. एक जानेवारी ते तीस जून वडिलांकडे, एक जुलै ते एकतीस डिसेंबर आईकडे. शिक्षणाचा आणि इतर खर्च निम्मा-निम्मा. मूल एकाकडे असताना दुसऱ्यानं शनिवार-रविवारी भेटायचं. मधल्या दिवसांत फोन किंवा व्हिडिओ कॉल करायला आडकाठी नाही. मूल वाढतं ते दोघांच्या सहवासात, हे त्यामागचं सूत्र. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं मे २०१५ मध्ये २५७ वा अहवाल दिला, तेव्हा त्यात या निकालाची नोंद घेतली. संयुक्त ताबा हाही एक रीतसर पर्याय असावा आणि आई-वडील दोघेही सारख्याच दर्जाचे नैसर्गिक पालक असावेत, अशी शिफारस आयोगानं केली. संसदेनं अजून तसा कायदा केलेला नाही.

निकाल वाचताना मनाला पटतो. पण जरा व्यवहारात आणून बघा. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात. नवीन वर्ग सुरू होऊन महिना होतो न होतो, तोच एक जुलै येतो आणि दप्तर उचलून दुसऱ्या घरी जायचं. दोन्ही घरं एकाच शाळेच्या टप्प्यात असतील तर हे निभतं. एक घर कुवेम्पुनगरमध्ये आणि दुसरं सरस्वतीपुरममध्ये असेल तर रिक्षा बदलण्यापुरताच प्रश्न. पण वडील नोकरीसाठी दीडशे किलोमीटरवरच्या बंगळुरूला आणि आई म्हैसूरला, ही या शहरातली नेहमीची तऱ्हा. मग सहा-सहा महिन्यांची वाटणी म्हणजे दर वर्षी दोन शाळा. दोघांचीही घरं एकाच भागात हवीत, म्हणजे दोन भाडी किंवा दोन हप्ते परवडले पाहिजेत. मूल निम्मं-निम्मं वाटता येतं का, हे शेवटी घरं किती आहेत त्यावर येऊन ठेपतं.

म्हणून बहुतेक आदेश साधे असतात. मूल एकाकडे, दुसऱ्याला शनिवार-रविवार किंवा महिन्यातले दोन रविवार, उन्हाळ्याची निम्मी सुट्टी आणि दसऱ्याची निम्मी सुट्टी. आपल्याकडच्या आदेशांत गणपती आणि दिवाळी असते, कर्नाटकात दसरा असतो. म्हैसूरमध्ये तर दसऱ्याची सुट्टी वाटायची म्हणजे विजयादशमीची जंबू सवारी कुणाबरोबर बघायची, हे ठरवायचं. ‘सम वर्षी आई, विषम वर्षी वडील’ असं एक वाक्य आदेशात आधीच असलं, तर ऑक्टोबरमध्ये वकिलाकडे पळावं लागत नाही. मुंबईच्या चाइल्ड राइट्स फाउंडेशननं मुलांच्या भेटी आणि ताब्याविषयी मार्गदर्शक सूत्रं तयार केली, त्यांत पालकत्व योजनेचा नमुना आहे आणि त्याचा भर अशाच बारीकसारीक गोष्टींवर आहे. सणवार, वाढदिवस, आजारपण, शाळेतल्या सभा, परगावी न्यायचं असेल तर आधी कळवायचं. वाचताना क्षुल्लक वाटतं. पुढची भांडणं नेमकी याच क्षुल्लक गोष्टींवरून होतात.

मुलाबद्दल इतका बारकाईनं विचार करणारी न्यायव्यवस्था घराशी आली की अडखळते. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ मालमत्तेबद्दल बोलतं, पण किती? लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंपुरतं. भांडी, कपाट, पलंग, आहेरातलं चांदीचं ताट. लग्नानंतर वीस वर्षांत घेतलेला फ्लॅट त्यात बसत नाही. तो ज्याच्या नावावर, त्याचा. दोघांच्या नावावर असेल तर वाटणीचा दावा. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि बायकोनं त्या वीस वर्षांत घर चालवलं, मुलं वाढवली, सासऱ्यांचं दुखणं काढलं, तर त्या श्रमाला हिस्सा म्हणून काही मिळत नाही. तिला पोटगी मिळते. कर्नाटकातल्या न्यायालयांच्या आवारात तिला जीवनांश म्हणतात. स्त्रीधन मात्र तिचंच. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सासरच्यांकडे ठेवायला दिलं म्हणून त्यावरची तिची मालकी जात नाही. पण अंगावरच्या दागिन्यांपलीकडे काय दिलं होतं याची यादी कुणी केलेली असते? लग्नात सनईवाल्यांना किती द्यायचे ते लिहून ठेवतात, मुलीच्या पाटल्यांचं वजन मात्र मावशीच्या आठवणीत असतं.

नाव कुणाचं यावर इतकं अवलंबून असल्यामुळे लहानशा गोष्टींना मोठं वजन येतं. महाराष्ट्रानं एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत दिली. पैसे वाचवायला म्हणून बायकोच्या नावे नोंदवलेला फ्लॅट पुढे वेगळं व्हायची वेळ आली की तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद ठरू शकतो. कर्जाचे हप्ते मी भरले, असं नवरा म्हणू लागतो; बँकेची खाती काढली जातात, आणि तोवर मूल त्या फ्लॅटमध्येच राहत असतं.

कायदा बदलायचा प्रयत्न झाला होता. लग्न पुन्हा सांधता येण्यापलीकडे मोडलं या कारणावर घटस्फोट देताना नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा द्यावा, अशी तरतूद असलेलं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं. लोकसभेत ते अडकलं आणि सभागृहाबरोबरच विरून गेलं. न्यायालयं अधूनमधून वाट काढतात. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. कृष्णन रामस्वामी यांनी सांगितलं, की नवरा परदेशात कमावतो तेव्हा बायको घर सांभाळून त्या कमाईला हातभारच लावत असते, म्हणून तीही बरोबरीची मालक. विचार चांगला आहे. पण एका न्यायमूर्तींचा निकाल म्हणजे देशाचा कायदा नव्हे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं २००० साली एका शेतकरी जोडप्याच्या खटल्यात वाटणी बरोबरीच्या कसोटीवर घासून बघायला सांगितलं, तेव्हापासून तिथल्या घटस्फोटांचं गणितच बदललं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो, आणि तिथे हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सुटलेला आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नाच्या क्षणापासून दोघांची सगळी मालमत्ता सामाईक. घर विकायचं तर दोघांच्या सह्या. विभक्त झालं की इन्व्हेंटरी म्हणजे मालमत्तेची रीतसर मोजदाद होते आणि अर्धं-अर्धं होतं. घाट उतरला म्हणून कुणाला हा कायदा लागू होत नाही, माणूस मूळचा गोव्याचा असावा लागतो. आणि तो असेल तर घाट चढून वर आलेल्या त्याच्या इतर राज्यांतल्या मालमत्तेच्या वारशालाही तोच कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ५अ तर गोव्यातल्या अशा जोडप्यांचं भाडं, व्याज आणि धंद्यातलं उत्पन्न दोघांत निम्मं मोजायचं. पगार मात्र कमावणाऱ्याच्याच नावावर. आयकर खात्याला बायकोचा अर्धा वाटा कळतो, तो उरलेल्या देशाच्या विवाह कायद्याला का कळू नये?

गोव्यातही सगळं आलबेल नाही. मोजदादीची प्रकरणं वर्षानुवर्षं रखडतात आणि वाटा कागदावर असला तरी ताबा दुसऱ्याकडे असतो. पण तिथली बाई न्यायालयात पाऊल ठेवते तेव्हा ती अर्ध्या घराची मालकीण असते. म्हैसूरची बाई पोटगीचा अर्ज घेऊन येते.

हे दोन प्रश्न एकाच जागी आणण्याचं काम अलीकडे दोन गोष्टींनी केलं. एक, २००५ चा घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा. सामाईक घरात राहण्याचा हक्क आणि मुलाचा तात्पुरता ताबा या दोन्ही गोष्टी तो एकाच अर्जात देतो. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी काही परिस्थितीत सुनेला तिथे राहता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये मान्य केलं. म्हणजे मालकी नाही, पण छप्पर मिळतं. आणि मूल शाळा न बदलता त्याच खोलीत झोपतं.

दुसरी गोष्ट एक छापील नमुना आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या पोटगीच्या एका वादात न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही शपथपत्र द्यायचं. त्यात पगार, घरभाडं, शेती, विमा, शेअर, दागिने, गाडी, कर्जाचे हप्ते असं सगळं येतं. आणि त्याच कागदावर मुलांचा रकाना आहे: मुलं किती, कुणाकडे राहतात, जेवणाखाण्याचा, कपड्यांचा, औषधांचा, शाळेचा आणि शिकवणीचा खर्च किती, तो कोण करतं. एरवी दोन रुळांवर धावणारी माहिती इथे एका पानावर येते. न्यायाधीशाला दिसतं, की ज्याच्याकडे दोन घरं आहेत त्यानं मुलाच्या फीचा रकाना कोरा सोडला आहे. शपथपत्र खोटं निघालं तर कारवाई होऊ शकते, म्हणून पगार लपवणारे आता निदान जपून लपवतात.

निकालापर्यंत जाणारी प्रकरणं थोडीच. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यानं न्यायाधीशावर आधी समेट घडवून आणण्याचा प्रयत्न बंधनकारक केला आहे. राष्ट्रीय लोक अदालतीच्या दुसऱ्या दिवशी म्हैसूरच्या वर्तमानपत्रांत पुन्हा एकमेकांना हार घालणाऱ्या जोडप्यांची छायाचित्रं छापून येतात. चांगलंच आहे. पण न्यायाधीशांच्या साक्षीनं घातलेला हार म्हणजे संसार सावरल्याचा पुरावा मानायची घाई मला पटत नाही. त्यातली काही जोडपी वर्षभरात पुन्हा त्याच पायऱ्या चढत असतील. मध्यस्थाच्या खोलीत नीट वेगळं होणाऱ्या जोडप्याचं छायाचित्र कुणी छापत नाही, आणि खरं कौशल्य तिथे लागतं.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात हे कौशल्य एका तडजोडपत्रात उतरतं. चांगला मसुदा दोन प्रश्नांची सांगड घालतो. फ्लॅट बायकोच्या नावे, उरलेले हप्ते नवऱ्याकडून, बदल्यात एकरकमी पोटगीचा आकडा कमी. मूल त्याच फ्लॅटमध्ये आणि त्याच शाळेत. वडील रविवारी सकाळी दहा ते सहा. वाईट मसुदा सगळं एका रकमेत गुंडाळतो आणि खाली एक ओळ टाकतो: ‘पत्नी मुलासाठी यापुढे काहीही मागणार नाही.’ ही ओळ मुलाला बांधत नाही. आईनं आपला हक्क सोडता येतो, मुलाचा सोडता येत नाही. तरी ती ओळ वर्षानुवर्षं तडजोडपत्रांत येतेच, कारण नकल करणाऱ्याला जुना मसुदा सोपा पडतो.

ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलता येतो: आईची बदली झाली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, किंवा चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला की आता मला बाबांकडे राहायचं आहे. मालमत्तेची तडजोड एकदा झाली की झाली. त्यामुळे मूल पुढे वडिलांकडे गेलं, तर मुलाच्या सोयीसाठी म्हणून आईच्या नावे केलेल्या घराचं काय, असा वाद नव्यानं उभा राहू शकतो. जाणते वकील हे आधीच लिहून घेतात: घर आईचंच राहील, की मूल सज्ञान होईपर्यंत विकायचं नाही, की विकलं तर त्यातली ठरावीक रक्कम मुलाच्या नावे ठेवायची.

अठरा वर्षं पूर्ण झाली की ताब्याचा प्रश्न संपतो. त्या दिवसापासून मूल कुणाकडे राहायचं ते स्वतः ठरवतं. पैशाचा प्रश्न संपत नाही. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम २० नुसार, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलीला लग्न होईपर्यंत वडिलांकडून खर्च मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा सांगितलं. मुलाचा हक्क मात्र सज्ञान होताच थांबतो, आणि अठराव्या वर्षी तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात असतो. म्हणून आता तडजोडपत्रांत एक नवीन कलम दिसू लागलं आहे: पदवी पूर्ण होईपर्यंत महाविद्यालयाची आणि वसतिगृहाची फी कोण किती भरेल, आणि ती मुलाच्या खात्यात जाईल की थेट महाविद्यालयात.